सांगणारे सांगतात, ऐकतो कोण?

गिऱ्हाईक टिकत नाही आणि कामाला माणूस टिकत नाही, ही दोन रडगाणी ऐकून माझे कान किटले आहेत. परवाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात तर तुम्ही कहरच केलात. गणपती पेठेतला व्यापारी तेच सांगत होता, कुपवाड एमआयडीसीतला कारखानदार तेच, आणि मिरजेत दवाखाना थाटलेला डॉक्टरही तेच. दोष कुणाचा म्हणून विचारलं, तर ऑनलाइनवाल्यांचा, मोबाइलचा, सरकारचा आणि ‘आजकालच्या पोरांचा’. स्वतःकडे बोट वळवणारा तुमच्यात एकही निघाला नाही. चार लोकांत, पंगतीला बसलेलं असताना तुमचे कान धरणं मला बरं वाटलं नाही. म्हणून आता लिहितो आहे आणि हातचं काही राखून लिहिणार नाही.

तुमच्यातला एकजण म्हणाला, “सर, लोकांना नक्की काय हवंय तेच कळत नाही हो.” म्हणून तो आता बाहेरच्या एका संस्थेला पैसे मोजून सर्वेक्षण करून घेणार आहे. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या.

कळत नाही हे साफ खोटं आहे. तुम्हाला रोज सांगितलं जातं. सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत सांगितलं जातं. गिऱ्हाईक सांगतं, कामगार सांगतो, माल पोचवणारा पोरगा सांगतो, दारावरचा वॉचमन सांगतो. तुम्ही ऐकत नाही. ऐकलंच तर लिहून ठेवत नाही. लिहून ठेवलंच तर त्यावर काही करत नाही. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणाऱ्यांत तुम्ही जमा झाला आहात, आणि वर त्या वळशाची बिलंही भरता आहात. याला अज्ञान म्हणत नाहीत, मस्ती म्हणतात.

आता एकेकाचं बघू.

आधी कापडवाले. एक बाई आत येते आणि विचारते, “सुती नऊवारी आहे का? सासूबाईंना हवी आहे.” तुमचा नोकर मानही न वळवता म्हणतो, “नाही.” ती निघून जाते. दिवसभरात अशी किती माणसं ‘नाही’ ऐकून पायऱ्या उतरली, हे तुमच्यातल्या कुणाला सांगता येईल? विकलेल्या रुमालाचीसुद्धा नोंद तुमच्या संगणकात आहे, कारण जीएसटीचा हिशेब द्यावा लागतो. मागितलेल्या आणि न मिळालेल्या मालाची नोंद मात्र कुठेच नाही. जे खपलं तेवढंच तुम्हाला दिसतं. जे खपलं असतं ते दाराबाहेर निघून जातं. आणि वर्षअखेरीला त्याच संगणकाकडे बघून तुम्ही ठरवता, की नऊवारीला मागणी उरली नाही. दुकानात ठेवलेलीच नाही ती वस्तू विक्रीच्या यादीत येईल कुठून? सातवीतल्या पोराला सुटेल असा हा प्रश्न, आणि तुम्हाला तो इतक्या वर्षांत पडलासुद्धा नाही!

मग तुमची ती पाटी: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवा. माल परत घेऊन आलेला माणूस रिक्षाचं भाडं भरून, कामाचा वेळ मोडून तुमच्याकडे आलेला असतो. शिवण उसवली, रंग गेला, मापात फरक निघाला, यांतलं काहीतरी तो सांगायला आलेला असतो. त्याला गल्ल्यावरून वाटेला लावता, तेव्हा त्या एका कपड्याचे पैसे वाचतात. पण त्याच गठ्ठ्यातले बाकीचे नगही तसेच असतील, ही बातमी तुम्ही त्याच्याबरोबर घालवून देता. बाकीच्या गिऱ्हाइकांना तुमच्याशी वाद घालायची हौस नसते. ती बोलत नाहीत, नुसती यायची बंद होतात. आणि जो बोलायची तसदी घेतो त्याला तुम्ही ‘कटकट्या’ म्हणता. तुमचं भलं करणारा दिवसभरात आलेला तो एकमेव माणूस असतो, हे तुमच्या डोक्यात शिरत नाही.

डॉक्टरसाहेब, हसू नका, तुमची पाळी आली. पेशंट तुमच्या खोलीतून बाहेर येतो आणि थेट स्वागतकक्षातल्या मुलीकडे जातो. “ताई, डॉक्टर काय म्हणाले हो? ही गोळी जेवणाआधी की नंतर? पुन्हा कधी यायचं?” तेच प्रश्न तो खालच्या औषधाच्या दुकानात विचारतो, घरी जाऊन शेजारच्या शिकलेल्या पोराला विचारतो. याचा अर्थ तुमचं बोलणं त्याला कळलेलं नाही, आणि कळलं नाही हे तुमच्या तोंडावर सांगायची त्याची हिंमत झालेली नाही. त्या मुलीला तुमच्या पेशंटांच्या अडचणींची जेवढी माहिती आहे, तेवढी शहरातल्या कुठल्याही सल्लागाराकडे मिळणार नाही. तुम्ही तिला कधी विचारलंत? ती उशिरा आली तर पगार कापायचं तेवढं लक्षात राहतं.

आणि कारखानदार! जूनमध्ये चार कामगार उचल मागायला येतात. तुम्ही म्हणता, यांना पैशाची किंमत नाही. अरे, शाळा उघडतात त्या महिन्यात! फी, वह्या, गणवेश, सगळं एकदम अंगावर येतं. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच माणसांना, तेवढीच रक्कम लागते, आणि दरवर्षी तुम्हाला तो नवा उपद्रव वाटतो. ऑक्टोबरात तासगावकडचे पाच जण एकदम दांडी मारतात, की तुम्ही त्यांना कामचुकार ठरवून मोकळे. द्राक्षाची छाटणी आपल्या जिल्ह्यात कधी येते, हे तुम्हाला माहीत नाही? तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरच्या बागा आहेत! त्या पाच जणांना सप्टेंबरातच बोलावून “कोण कधी जाणार, आळीपाळीने जाता येईल का?” एवढं विचारलं असतं, तर यंत्रं बंद पडली नसती. रजेचा अर्ज, उचलीची चिठ्ठी, पाळी बदलून मागणं, ओव्हरटाइमला नकार देणं, या सगळ्यांत माणूस स्वतःची गरज लिहून देत असतो. तुम्ही त्यावर ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढंच लिहिता आणि कागद फायलीत ढकलता.

आपल्याकडे असं कुठे चालतं, मोठ्या कंपन्यांना हे परवडतं, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने पलूसपर्यंत जाऊन यावं. किर्लोस्करवाडी आपल्या उंबऱ्याशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंड जमिनीत गेलं की माती विषारी होते, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. तुमच्यातला एखादा असता तर ‘अडाणी लोक, यांना काही कळत नाही’ म्हणून दुसऱ्या धंद्याकडे वळला असता. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या नकाराकडे पाठ फिरवली नाही. त्या नकारामागे नांगराच्या किमतीची घासाघीस नव्हती, वाडवडिलांची जमीन नासेल ही धास्ती होती. धास्ती काय आहे हे कळल्याशिवाय ती घालवता येत नाही. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी कारखाना उभा केला, आणि १९२० पासून तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. नांगर करणाऱ्याला माणसांशी बोलत राहण्याची गरज वाटली. तुम्हाला मोबाइल हातात असूनही वाटत नाही.

नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगार नियमित येत नसत. पाचातला एक गैरहजर, अशी अवस्था होती. दंड ठोकणं, हाकलणं, नवे आणणं, हे त्या काळातल्या गिरणीमालकांना चांगलं येत होतं. जमशेटजींनी माणूस का येत नाही, हा प्रश्न विचारला. म्हातारपणी काय, हात यंत्रात गेला तर घर कसं चालेल, इथे राहून माझं भलं काय होणार, असे प्रश्न कामगाराच्या मनात होते. १८८६ मध्ये त्या गिरणीत निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कामगार भरपाईचा कायदा या देशात आला १९२३ मध्ये. कायदा येईपर्यंत थांबायची गरज नसते. डोळे उघडे ठेवायची असते.

तुम्ही मात्र कायद्याने बसवल्याशिवाय बसूसुद्धा देत नाही. हे मी शब्दशः म्हणतो आहे. केरळात आणि तमिळनाडूत कापडाच्या मोठमोठ्या दुकानांत विक्रीचं काम करणाऱ्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागे. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची सोय नव्हती. कोळिकोडमधल्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मिठाई तेरुवू या बाजारपेठेतल्या अशा बायकांना एकत्र केलं. आधी स्वच्छतागृहासाठी लढा दिला, मग बसण्यासाठी. शेवटी २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने कायदा बदलून दुकानात बसायची सोय सक्तीची केली. एका स्टुलासाठी विधानसभेपर्यंत जावं लागलं! त्या दुकानांचे मालक रोज गल्ल्यावर बसून समोर उभ्या असलेल्या त्या बायका बघत होते. पाय सुजलेले दिसत होते. दिवसभर त्या पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही, हेही दिसायला हवं होतं. डोळ्यांना दिसूनही कुणाला ती गरज वाटली नाही.

आता तुमच्या दुकानाकडे या. काउंटरमागे स्टूल आहे का? कामावरच्या बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि त्याला आतून लागणारी कडी आहे का? की ‘शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये जातात’ हे तुमचं उत्तर आहे? सहा महिन्यांत तीन मुली काम सोडून गेल्या असं तुमच्यातला एकजण रडत होता. त्यांना जाताना विचारलंत का, की का चाललीस? “घरची अडचण” हे उत्तर मला सांगू नका. सगळे तेच सांगून जातात, कारण राहिलेला पगार तुमच्या हातात असतो.

पश्चिमेकडच्या अभ्यासांची नावं तुम्हाला फार आवडतात, तर एक खरा अभ्यास ऐका. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा मोठा कारखाना होता. तिथे १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरलेले प्रश्न विचारत: उजेड कसा आहे, साहेब कसा आहे. कामगार उत्तर देत आणि मग भलत्याच विषयावर बोलू लागत. शेवटी त्या मंडळींच्या लक्षात आलं, की आपले प्रश्नच आड येत आहेत. त्यांनी प्रश्नपत्रिका बाजूला ठेवली आणि माणसाला हवं ते बोलू दिलं. अर्ध्या तासाच्या मुलाखती तासा-दीड तासावर गेल्या. काही कामगार नंतर सांगू लागले की आता परिस्थिती सुधारली आहे, आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नव्हतं! कुणीतरी मान देऊन पूर्ण ऐकून घेतलं, एवढंच घडलं होतं. तुम्ही छापून घेणार आहात त्या वीस प्रश्नांच्या फॉर्मात हे सापडेल का? तुम्हाला जे माहीत आहे त्याबद्दलच तुम्ही प्रश्न काढणार. गरज तर तुम्हाला माहीत नसलेल्या जागी असते.

त्या स्टार देण्याच्या खुळाबद्दलही बोलतो. माल पोचवायला आलेला पोरगा दारात हात जोडून म्हणतो, “साहेब, पाच स्टार द्या, नाहीतर माझे पैसे कापतात.” लोक बिचाऱ्याच्या पोटाकडे बघून पाच स्टार देतात. आणि मालक महिन्याच्या शेवटी सरासरी बघून खूश! ज्या आकड्यावर गरिबाचा पगार टांगलात, तो आकडा खरं बोलणं थांबवतो. तक्रारींवरही तेच. ज्या विभागात तक्रारी जास्त त्याचा बोनस कमी, असं ठरवलंत की तक्रारी कमी होत नाहीत. त्या वरपर्यंत यायच्या थांबतात.

यावर उपाय काय, हे कळायला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याचं उदाहरण पुरेसं आहे. जनरल मोटर्सचा तो कारखाना बदनाम होता. माणसं कामावर येत नसत, गाड्यांत दोष राहत, आणि काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही असा शिरस्ता होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथेच पुन्हा काम सुरू झालं, आणि घेतलेले कामगार बहुतांशी तेच जुने होते. टोयोटाने त्यांच्या डोक्यावर एक दोरी बांधली. दोष दिसला, काम जमेना, तर दोरी ओढायची. प्रमुख धावत येईल आणि ‘काय अडलं?’ म्हणून विचारेल. गरज पडली तर सगळी लाइन थांबेल. ओढणाऱ्याला बोल लावायचा नाही. गैरहजेरी झपाट्याने खाली आली आणि गाड्यांचा दर्जा वर गेला. माणसं बदलली नव्हती. त्यांचं ऐकणारा मालक बदलला होता. तुमच्याकडे दोरी ओढणाऱ्याचं काय होतं? “तुला काय करायचंय? सांगितलंय तेवढं कर.” हे वाक्य तुमच्यातल्या किमान दोघांच्या तोंडून मी स्वतः ऐकलं आहे. ज्या दिवशी ते बोललात, त्या दिवसापासून त्या माणसाने डोकं घरी ठेवून यायला सुरुवात केली.

न ऐकण्याची किंमत किती मोठी होऊ शकते, हेही आपल्या शेजारीच घडलं आहे. कर्नाटकात कोलारजवळ नरसापुरा इथे विस्ट्रॉन कंपनीचा आयफोन जोडणारा कारखाना होता. पगार आणि ओव्हरटाइमचे पैसे नीट मिळत नाहीत, हे कामगार सांगत होते. १२ डिसेंबर २०२० रोजी उद्रेक झाला आणि कारखान्याची मोडतोड झाली. सरकारी तपासणीत निघालं ते असं: कामगारांची संख्या काही महिन्यांत भराभर वाढवली, त्या मानाने त्यांचं बघणारा विभाग उभाच केला नव्हता, आणि हजेरीची यंत्रणा नीट चालत नव्हती. कंपनीला माफी मागावी लागली, वरचा अधिकारी हटवावा लागला आणि अॅपलने नवं काम देणं थांबवलं. मोडतोडीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण पगारपत्रकात दिवस कमी लागलाय, ही तक्रार घेऊन पहिला कामगार खिडकीशी आला असेल तेव्हाच ते प्रकरण मिटवता आलं असतं. खिडकीवरच्या माणसाने काय उत्तर दिलं असेल, ते मी सांगायला नको. तुमच्या खिडकीवर तेच दिलं जातं: “नंतर ये.”

वाढून ठेवलेलं ताट समोर असूनही तुम्ही का ऐकत नाही, याचा मी विचार केला आहे. पहिलं कारण भीती. विचारलं तर द्यावं लागेल, असं तुम्हाला वाटतं. म्हणून न विचारलेलं बरं. ही भीती पोकळ आहे. लोक नेहमी पैसेच मागत नाहीत. बऱ्याचदा कामाची वेळ अर्धा तास अलीकडे हवी असते, एखादी पाटी मराठीत हवी असते, बिल समजावून हवं असतं, सगळ्यांसमोर ओरडू नये एवढीच इच्छा असते. आणि जे देता येत नाही ते ‘देता येत नाही, कारण हे आहे’ असं सरळ सांगितलं तरी शहाणा माणूस समजून घेतो. दुसरं कारण अहंकार. वीस वर्षं धंद्यात आहे, मला काय सांगतो, ही घमेंड. वीस वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक आता आजोबा झालंय. त्याची नात तुमच्या दुकानात येते का, ते बघा. तिसरं कारण आळस. ऐकलेलं लिहून ठेवायला कष्ट पडतात आणि त्यावर काही करायला त्याहून जास्त.

पुण्यात दुपारी दुकान बंद ठेवायची रीत इतकी जुनी, की तिच्यावर पिढ्यानपिढ्या विनोद झाले. त्या विनोदांना सगळे हसले, मालकही हसले. पण ते गिऱ्हाइकांचं वर्षानुवर्षांचं गाऱ्हाणंच होतं. चितळे बंधूंनी २०१७ च्या जुलैपासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. नाव मोठं असूनही बदलले, म्हणून त्यांचं उदाहरण देतो. तुमच्या दुकानाबद्दल, तुमच्या कारखान्याबद्दल लोक काय विनोद करतात, ते शोधून काढा. त्या विनोदात तुमचं पुढचं काम लिहिलेलं आहे.

आणि जे दारोदार फिरले त्यांना कुठल्या सर्वेक्षणाची गरज पडली नाही. अहमदाबादला करसनभाई पटेल १९६९ मध्ये नोकरी सांभाळून सायकलवरून घरोघरी धुण्याची पावडर विकू लागले. महाग पावडर ज्यांच्या आवाक्यात नव्हती त्या घरांचे दरवाजे त्यांनी ठोठावले. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात ती घरं गिऱ्हाईकच नव्हती. पुढे ‘निरमा’ देशभर झाली आणि हिंदुस्तान लिव्हरला ‘व्हील’ काढावी लागली. दारात उभं राहिलेल्या माणसाला जे दिसलं, ते कचेरीत बसलेल्यांना फार उशिरा दिसलं.

आता गृहपाठ देतो. सबबी चालणार नाहीत.

गल्ल्याजवळ एक वही ठेवा. मागितलं आणि मिळालं नाही, असं प्रत्येक गिऱ्हाइकाचं मागणं त्यात त्याच्याच शब्दांत लिहायचं. तक्रार असेल तर तीही. आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः ती वाचायची. मॅनेजरवर ढकलायची नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस मालकाने काउंटरवर उभं राहायचं, नाहीतर माल पोचवायला गाडीबरोबर जायचं. वॉचमन, ड्रायव्हर, स्वागतकक्षातली मुलगी, वसुलीला जाणारा माणूस, या चौघांशी महिन्यातून एकदा चहा घेत बसायचं आणि एकच विचारायचं: “लोक काय म्हणतात?” मग गप्प बसायचं.

नव्या माणसाला पहिल्या पंधरवड्यातच विचारायचं, की इथलं काय विचित्र वाटतं. महिनाभराने त्याला सवय होते आणि तो सांगेनासा होतो. सोडून जाणाऱ्याचा सगळा हिशेब आधी चुकता करायचा, अनुभवाचा दाखला हातात द्यायचा आणि मगच विचारायचं, की का चाललास. तेव्हा तो खरं बोलेल. पण जाणाऱ्याची वाट बघत बसू नका. जे टिकून आहेत त्यांना विचारा, की का टिकलात आणि कशाने जाल. मोठ्या कारखान्यांत मालक आणि कामगारांनी एकत्र बसायची समिती असावी, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होती. तुमच्याकडे बारा माणसं आहेत म्हणून तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. बारा माणसांना तर समितीही लागत नाही, एक सतरंजी पुरते.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. ऐकल्यावर काय केलं, ते सांगायचं. झालं असेल तर झालं म्हणून, नसेल तर का नाही म्हणून. हे करणार नसाल तर विचारूच नका. विचारून काहीच न करणारा मालक न विचारणाऱ्यापेक्षा वाईट, कारण त्याने माणसाची आशा जागी करून ती मोडलेली असते. आणि जो खरं बोलला त्याच्यावर डूख धरलात, तर पुढची दहा वर्षं तुमच्याशी कुणी खरं बोलणार नाही, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही नालायक असतात तर मी एवढी शाई खर्च केली नसती. तुमच्यातले बहुतेक जण शून्यातून उभे राहिले आहेत, कर्जं फेडली आहेत, शेकडो घरांच्या चुली तुमच्या जिवावर पेटतात. म्हणूनच हे बोलणं भाग आहे. तुमचं न ऐकणं तुमच्या एकट्याला बुडवणार नाही. त्या सगळ्या घरांना बुडवेल. तेव्हा ते सर्वेक्षणाचे पैसे जपून ठेवा. उद्या सकाळी शटर उघडल्यावर पहिलं जे माणूस समोर येईल, मग ते गिऱ्हाईक असो की झाडू मारणाऱ्या मावशी, त्याला काय अडतंय ते विचारा. ते बोलेल तेव्हा मधे तोंड घालू नका. आणि दुपारच्या आत त्यातलं एक तरी काम करून दाखवा.